शर्मिष्ठेतल्या राखेचा पंचनामा

तारा फुटल्यावर त्याचे जे उरते त्याला सुपरनोव्हाचा अवशेष म्हणतात. मराठीत सुपरनोव्हाला ‘अतिदीप्त नवतारा’ असा भारदस्त प्रतिशब्द आहे, पण त्यातले ‘नव’ फसवे. जिथे काही नव्हते तिथे तारा उगवला असे जुन्या निरीक्षकांना वाटले आणि नाव चिकटले. प्रत्यक्षात तो म्हाताऱ्या ताऱ्याचा शेवट असतो. स्फोटाचा उजेड काही आठवडे डोळे दिपवतो आणि वर्ष-दोन वर्षांत नजरेआड होतो. उधळलेला माल मात्र सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने बाहेर धावत असतो. सिलिकॉन, गंधक, कॅल्शियम, लोह असे सगळे त्यात असते, आणि पुढची हजारो वर्षे ते पसरत, तापत, चकाकत राहते. स्फोट कसा झाला याची खबर त्या उजेडापेक्षा या मालाकडे जास्त असते. परक्या दीर्घिकांमधले सुपरनोव्हा आता दरवर्षी हजारोंनी टिपले जातात, पण इतक्या दुरून प्रत्येकाचा फक्त ठिपका दिसतो. कोणता भाग कोणत्या बाजूला उडाला हे ठिपका सांगत नाही. आपल्या आकाशगंगेतल्या अवशेषाचा नकाशा काढता येतो. अपघात होऊन गेल्यावर काच कुठवर उडाली, चाकांचे वळ कुठे उमटले हे पंचनाम्यात टिपतात, त्यातलाच हा प्रकार.

दिवाळीच्या दिवसांत रात्री आठ-दहाच्या दरम्यान पुण्याच्या खराडीतल्या एखाद्या गच्चीवर उत्तरेकडे तोंड करून उभे राहिले, तर क्षितिज आणि माथा यांच्या साधारण मध्यावर पाच ताऱ्यांची शर्मिष्ठा असते. या वेळी तिचा आकार ‘एम’ अक्षरासारखा दिसतो. आयटी पार्कच्या काचेच्या इमारती आणि नगर रस्त्याचे दिवे यांच्या उजेडात पाचांपैकी तीन तारे हाती लागले तरी पुष्कळ. याच तारकासमूहात दोन प्रसिद्ध अवशेष आहेत. एक टायको ब्राहेने १५७२ च्या नोव्हेंबरात पाहिलेल्या ताऱ्याचा, दुसरा ‘कॅसिओपिया ए’. नुसत्या डोळ्यांना दोन्ही दिसत नाहीत. पण त्याच उत्तर दिशेला, खराडीपासून सरळ रेषेत साधारण साठ किलोमीटरवर, जुन्नर तालुक्यातल्या खोडद गावाशी जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे. तिला असे अवशेष दिवसाढवळ्याही ‘दिसतात’.

शर्मिष्ठेतली ही जोडी अभ्यासकांच्या सोयीची आहे, कारण दोघे दोन वेगळ्या तऱ्हांनी मेले.

मरणाच्या दोन तऱ्हा

पहिली तऱ्हा जड ताऱ्यांची. सूर्याच्या सुमारे आठपटींहून अधिक वस्तुमानाच्या ताऱ्यात हायड्रोजनपासून हेलियम, हेलियमपासून कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन असे करत शेवटी लोहाचा गाभा साठतो. लोह जाळून ऊर्जा मिळत नाही. गाभा सुमारे १.४ सूर्यांइतका झाला की तो स्वतःचे वजन पेलू शकत नाही. पृथ्वीएवढा गोळा सेकंदाच्या आत काही दशक किलोमीटरांचा होतो, अणुकेंद्रे एकमेकांना भिडतात, कोसळणे एकदम थांबते आणि उसळी मारून आघात तरंग बाहेर निघतो. इथवर सगळे सुरळीत आहे. अडचण अशी, की संगणकावर ही उसळी चालवून पाहिली तर आघात तरंग थोडे अंतर जाऊन दमतो, थबकतो. तारा फुटतच नाही. गाभ्यातून प्रचंड संख्येने सुटणाऱ्या न्यूट्रिनो कणांपैकी थोडे वाटेत शोषले जातात, त्या उष्णतेने थबकलेल्या तरंगाला पुन्हा बळ मिळते, अशी आजची समजूत आहे. मुक्त होणाऱ्या ऊर्जेचा ९९ टक्के वाटा न्यूट्रिनो घेऊन जातात. ज्याला जग स्फोट म्हणते तो उरलेल्या एका टक्क्याचा खेळ. तो एक टक्कासुद्धा सूर्य आपल्या संपूर्ण आयुष्यात जेवढी ऊर्जा देईल तेवढा भरतो.

दुसऱ्या तऱ्हेत श्वेत बटू फुटतो. सूर्यासारखा तारा संपल्यावर कार्बन-ऑक्सिजनचा पृथ्वीएवढा घट्ट गोळा उरतो, तो हा. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० च्या दशकात दाखवून दिले, की अशा गोळ्याला सुमारे १.४ सूर्यांची मर्यादा आहे. जोडीच्या ताऱ्याकडून वायू ओढून किंवा दुसऱ्या बटूशी धडकून तो आतून पेटला, तर सगळाच्या सगळा उडतो. पहिल्या तऱ्हेसारखा कोसळल्या गाभ्यापासून बनलेला न्यूट्रॉन तारा मागे उरत नाही, कृष्णविवर नाही, काही नाही. याला ‘वन-ए’ प्रकार म्हणतात. विश्वाची अंतरे मोजायला हेच सुपरनोव्हा वापरतात. त्यामुळे ते नेमके कसे पेटतात हे अजून निश्चित झालेले नाही, ही बाब खगोलशास्त्राला जरा अवघडच.

दोन आघात, एक परतीचा

फुटल्यानंतरची पहिली काही शतके माल जवळजवळ बिनअडथळा धावतो. त्याच्यापुढे आघात तरंग आजूबाजूचा विरळ वायू झाडत नेतो. झाडलेल्या वायूचे वजन उधळलेल्या मालाएवढे झाले की वेग उतरतो, आणि मग एक विलक्षण गोष्ट घडते. पुढे अडकलेल्या मालावर मागून येणारा माल आदळतो आणि एक दुसरा आघात तरंग आतल्या बाजूला, केंद्राकडे सरकू लागतो. हा परतीचा आघात पंचनाम्याच्या दृष्टीने सोन्यासारखा. तोपर्यंत ताऱ्याचा आतला माल पसरून थंड झालेला असतो, दिसत नसतो. परतीचा आघात त्याला पुन्हा लाखो-कोट्यवधी अंशांपर्यंत तापवतो आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक क्ष-किरणांत चमकायला लागते. ताऱ्याचे थर बाहेरून आत असे एकेक करून उजेडात येतात. पुढे दहा-वीस हजार वर्षे अवशेष फुगत राहतो, मग त्याचे कवच थंडावते, आणि लाखभर वर्षांत तो आकाशगंगेच्या वायूत मिसळून जातो. बांगडीतल्या लोखंडापासून हाडातल्या कॅल्शियमपर्यंत पुष्कळसा माल याच मार्गाने आलेला आहे.

आघाताच्या सीमेवर आणखी एक उद्योग चालतो. इलेक्ट्रॉन चुंबकी क्षेत्रात इकडून तिकडे टोलवले जाऊन प्रकाशाच्या वेगाच्या जवळ पोचतात आणि चुंबकी रेषांभोवती गिरक्या घेताना रेडिओ लहरी सोडतात. अवशेषांची रेडिओ ओळख पटते ती यावरून. हे प्रारण कमी वारंवारितेला जास्त प्रखर असते. उलट, तरुण ताऱ्यांनी तापवलेल्या साध्या वायूच्या ढगांचे रेडिओ प्रारण सगळ्या वारंवारितांना बरेचसे सारखे असते. एकच गोल ठिपका दोन वारंवारितांना मोजला की तो स्फोटाची राख आहे की नुसता गरम ढग, हे बहुतेक वेळा कळते.

टायको आणि कॅसिओपिया

टायकोचा तारा काही दिवस शुक्राएवढा तेजस्वी होता आणि युरोप, चीन, कोरिया सगळीकडे नोंदला गेला. कॅसिओपिया ए कोणी पाहिल्याची खात्रीची नोंदच नाही. पसरण्याचा वेग उलटा मोजत गेले तर त्याचा स्फोट १६८० च्या आसपास, म्हणजे शिवछत्रपतींच्या अखेरच्या काळात येतो. सुमारे ११ हजार प्रकाशवर्षांवरचा तो तारा बहुधा धुळीआड फुटला. सापडला तो १९४८ साली, रेडिओ लहरींमुळे. सूर्यमालेबाहेरच्या रेडिओ स्रोतांत तो सर्वांत प्रखर आहे. आकाशात त्याचा व्यास चंद्रबिंबाच्या सहाव्या हिश्श्याएवढा.

१५७२ किंवा १६८० साली वर्णपट घेण्याचे साधन नव्हते. तरी दोन्ही स्फोटांचा वर्णपट आज उपलब्ध आहे, आणि तो मूळच्या स्फोटाचाच आहे. स्फोटाचा थोडा प्रकाश बाजूला, दूरच्या धुळीच्या ढगांकडे गेला, तिथून परावर्तित होऊन वळसा घालून तीन-चार शतके उशिरा पृथ्वीवर आला. डोंगरावरून येणाऱ्या हाकेच्या पडसादासारखा हा प्रकाशाचा पडसाद २००८ मध्ये पकडला गेला. त्यातून टायकोचा तारा सर्वसाधारण ‘वन-ए’ निघाला, तर कॅसिओपिया ए ‘टू-बी’ या प्रकारात मोडला. टू-बी म्हणजे हायड्रोजनचे बाहेरचे आवरण जवळजवळ गमावून बसलेल्या जड ताऱ्याचा गाभा कोसळून झालेला स्फोट. ताजा नमुना म्हणून त्याची तुलना झाली ती सप्तर्षीतल्या एम८१ दीर्घिकेत १९९३ साली दिसलेल्या एसएन १९९३जे शी. या तुलनेकडे पुढे पुन्हा यावे लागेल, कारण तिचा एक धागा खोडदला पोचतो.

दोन्ही अवशेषांची क्ष-किरण छायाचित्रे शेजारी ठेवली की फरक डोळ्यांत भरतो. टायकोचा गोळा गुबगुबीत, बराचसा गोल, लोहाने संपन्न. कॅसिओपिया ए फाटका, एका बाजूला फवारे निघालेला. अनेक अवशेषांचे मोजमाप करून हे आता नियमासारखे झाले आहे: बटूचे अवशेष अधिक सममित, गाभा कोसळलेल्यांचे वाकडेतिकडे. भुईचक्र फुटले की सुतळी बॉम्ब हे सकाळच्या कागदांवरून ओळखणाऱ्या पोरांना यात नवल वाटणार नाही.

कॅसिओपियाचा वाकडेपणाच थबकलेल्या आघाताच्या कोड्यावर उजेड पाडतो. नीट विचार केला तर लोह सर्वांत आत तयार होते, सिलिकॉन त्याच्या बाहेर. तेव्हा अवशेषातही तोच क्रम हवा. पण आग्नेय बाजूला लोह सिलिकॉनच्याही बाहेर सापडते. स्फोटात थर उलथेपालथे झाले. त्याहून बोलका पुरावा टायटॅनियमचा. टायटॅनियम-४४ हे किरणोत्सारी मूलद्रव्य गाभ्याच्या अगदी कडेला, जिथून माल आत पडतो की बाहेर जातो हे ठरते तिथेच घडते. त्याचे अर्धायुष्य सुमारे ६० वर्षांचे. म्हणजे कॅसिओपियात आज मूळ साठ्याचा जेमतेम पन्नासावा भाग शिल्लक आहे, आणि तो तापलेला असो की थंड, ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण सोडतच राहतो. नासाच्या न्यूस्टार दुर्बिणीने २०१४ मध्ये त्याचा नकाशा काढला. टायटॅनियम गोलाकार कवचात नव्हते, दोन विरुद्ध दिशांच्या अरुंद धारांतही नव्हते. काही मोजक्या मोठ्या गोळ्यांत ते विखुरलेले होते. उकळत्या भाताच्या पातेल्यातले बुडबुडे झाकण कधी या बाजूने, कधी त्या बाजूने उचलतात, तसे न्यूट्रिनोंनी तापलेल्या वायूचे मोठाले बुडबुडे उसळून थबकलेल्या आघाताला वाट काढून देतात, या कल्पनेशी हे जुळते. चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने १९९९ मध्ये आपल्या पहिल्याच छायाचित्रात केंद्राजवळ जो ठिपका टिपला होता तो न्यूट्रॉन तारा. बहुतेक माल एका बाजूला उधळला आणि हा तारा साधारण विरुद्ध बाजूला सरकतो आहे. तोफ धडधडली की गाडा मागे सरतो, तसे.

खोडदची जाळी

जीएमआरटी ही गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांची कल्पना. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, म्हणजे एनसीआरए, ती चालवते. केंद्राचे कार्यालय गणेशखिंडीला पुणे विद्यापीठाच्या आवारात, दुर्बीण नारायणगावाजवळ. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या आहेत. चौदा खोडदजवळ चौरस किलोमीटरभर जागेत दाटीने, उरलेल्या सोळा ‘वाय’ आकाराच्या तीन हातांवर, द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या शेतांमधून, पंचवीस किलोमीटरांपर्यंत पसरलेल्या. तीस थाळ्यांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीतल्या संकेतांची तुलना करून चित्र बनते आणि तपशिलाच्या बाबतीत पंचवीस किलोमीटर रुंद थाळीचे काम होते.

थाळी म्हटल्यावर भरीव पत्रा डोळ्यांपुढे येतो. इथे जवळ जाऊन वर पाहिले तर आकाश आरपार दिसते. अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड स्टेनलेस स्टीलच्या तारांची ही जाळी आहे. मध्यभागी तिचे घर एक सेंटिमीटरचे, कडेकडे दीड आणि दोन सेंटिमीटरचे. ताणलेल्या दोरांच्या सांगाड्यावर ती अशी बसवली आहे, की सपाट तुकड्यांचा मिळून परवलय होतो. रेडिओ लहरींची लांबी वीस सेंटिमीटरांपासून दोन मीटरांपर्यंत असल्याने त्यांना ही भोके जाणवतच नाहीत, वारा मात्र निघून जातो. थाळीवर वाऱ्याचा जोर कमी, म्हणून लोखंड कमी, म्हणून खर्च कमी. गरीब देशातली ही युक्ती जगभर वाखाणली गेली ती दयेपोटी नव्हे.

ही जागा निवडण्याचे मोठे कारण शांतता. डोंगरांचा आडोसा, वस्ती विरळ, तरीही पुण्याची शास्त्रीय सोबत हाकेच्या अंतरावर. अवशेषांकडून येणारे संकेत इतके क्षीण असतात, की चंद्रावर ठेवलेला एखादा साधा मोबाइल या दुर्बिणींना आकाशातल्या ठळक स्रोतांपैकी एक वाटेल. खराडीतल्या एका इमारतीत असे किती हजार मोबाइल असतात याचा विचार केला, की थाळ्या तिथे का नाहीत हे वेगळे सांगावे लागत नाही. सुधारित जीएमआरटीच्या वारंवारितांचे पट्टे पाहिले तर एक ५५० ते ८५० मेगाहर्ट्झचा, त्यापुढचा १०५० ते १४५० चा. मधल्या फटीत ९०० मेगाहर्ट्झच्या मोबाइल लहरी बसल्या आहेत. पुणे–नाशिक वेगवान रेल्वेचा नारायणगावमार्गे जाणारा आराखडाही या दुर्बिणीला होणाऱ्या व्यत्ययामुळे अडला आणि मार्ग बदलण्याची वेळ आली. जुन्नर-आंबेगावच्या लोकांना रेल्वे हवी होती आणि त्यांची नाराजी खोटी नाही. विजेची तार आणि इंजिनाची ठिणगी हाही शेवटी रेडिओ गोंगाटच आहे, हेही खोटे नाही.

नवव्या वर्षीचे बाळ

कॅसिओपियाच्या कुळातला एसएन १९९३जे सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षांवर आहे. स्फोटानंतर साधारण ३,२०० दिवसांनी, म्हणजे नवव्या वर्षी, तो जीएमआरटीने कमी वारंवारितेला ऐकला आणि अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या व्हीएलए दुर्बिणीने जास्त वारंवारितेला. पूनम चंद्रा, अलक रे आणि संजय भटनागर यांनी २००४ मध्ये हे दोन तुकडे सांधून पूर्ण वर्णपट मांडला. त्यात एका ठिकाणी रेषा मोडून जास्त उताराला लागलेली दिसली. तरुण सुपरनोव्हात असा मोड दिसण्याची ही पहिलीच वेळ.

मोडाचा अर्थ असा. सर्वांत वेगवान इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा सर्वांत आधी उधळून बसतात, म्हणून वरच्या वारंवारितेचा उजेड आधी ओसरतो. चुंबकी क्षेत्र जितके बळकट तितके हे म्हातारपण लवकर. स्फोटाचे वय माहीत आहे, मोड कुठे आहे ते दिसले. उरले चुंबकी क्षेत्र, ते गणिताने निघते. ते निघाले सुमारे एक तृतीयांश गाऊस. पुण्यात होकायंत्राची सुई फिरवणारे पृथ्वीचे क्षेत्र याच्याच आसपासचे, पण ताऱ्यांमधल्या पोकळीतल्या क्षेत्राच्या तुलनेत हे लाखपटीच्या घरात जाते. त्याआधी अभ्यासक हिशेब जुळवण्यासाठी ऊर्जा कण आणि चुंबकी क्षेत्र यांच्यात समसमान वाटली आहे असे धरून चालत. इथे चुंबकी क्षेत्राचा वाटा कणांच्या हजारो पट निघाला. सोयीचे गृहीतक या एका अवशेषापुरते तरी पडले.

अशा तरुण सुपरनोव्हाच्या रेडिओ नोंदींतून मरणापूर्वीचा इतिहासही वाचता येतो. म्हातारा तारा आपले आवरण सेकंदाला सुमारे दहा किलोमीटर वेगाने सोडत असतो. स्फोटाचा आघात सेकंदाला दहा हजार किलोमीटर. ढोबळ हिशेबाने आघात एका वर्षात ताऱ्याने हजार वर्षांत सोडलेला वायू ओलांडतो. नऊ वर्षे ऐकत राहिले की ताऱ्याची शेवटची कित्येक हजार वर्षे उलट्या क्रमाने ऐकू येतात: कधी आवरण भराभर फेकले, कधी हात आखडला. १९९३जे ने हायड्रोजन गमावला तो जोडीदारामुळे, हेही पुढे २००४ मध्ये त्या जोडीदाराच्या प्रकाशाची खूण मिळाल्यावर बळकट झाले. कॅसिओपियाच्या राखेत मात्र असा जोडीदार शोधूनही सापडलेला नाही. कुळ एक, पण घरची गोष्ट वेगळी.

हरवलेले हजार

आपल्या आकाशगंगेत शतकाला दोन-तीन तारे फुटत असावेत असा अंदाज आहे. अवशेष लाखभर वर्षे ओळखू येतात असे धरले तर हजारांहून अधिक दिसायला हवेत. केंब्रिजच्या डेव्ह ग्रीन यांच्या यादीत, जी या क्षेत्रात प्रमाण मानली जाते, ते तीनशेच्या थोडे वर आहेत. नुसत्या डोळ्यांनी दिसलेला शेवटचा १६०४ चा, केप्लरचा. धनू राशीतल्या केंद्राजवळचा जी१.९+०.३ साधारण १९०० च्या आसपास फुटला, पण धुळीमुळे कोणालाच कळले नाही. २००८ मध्ये त्याचे जुने आणि नवे चित्र ताडून तो सुमारे पंधरा टक्के फुगला असल्याचे दिसले तेव्हा त्याचे कोवळे वय उघड झाले.

हरवलेले बहुतेक धुळीच्या पट्ट्यात आणि गरम ढगांच्या गर्दीत लपलेले आहेत. कमी वारंवारितेची दुर्बीण इथे कामाची. खोडदचे अक्षांश एकोणीस, त्यामुळे आकाशगंगेचे केंद्र तिथे क्षितिजावर चाळीस अंशांपेक्षा वर चढते. युरोपातल्या दुर्बिणींना ते जेमतेम घरांच्या छपरांवर दिसते. याचा फायदा घेऊन सुभाशिष रॉय आणि सब्यसाची पाल यांनी २०१३ मध्ये जी३५४.४+०.० हा छोटासा, काही शतकांचाच, अवशेष असल्याचा दावा मांडला. अशा दाव्यांची दुसऱ्या दुर्बिणी कसून उलटतपासणी करतात, आणि गरम ढगच अवशेषाचे सोंग घेऊन बसला होता असेही काही वेळा निघते.

एनसीआरएच्या चमूने २०१७ मध्ये जीएमआरटीने तपासलेल्या एचईएसएस जे१७३१–३४७ ची गोष्ट वेगळ्याच वळणाची आहे. नामिबियातल्या गॅमा किरण दुर्बिणींना सापडलेल्या या अवशेषाचे रेडिओ धागे फिकट आहेत. २०२२ मध्ये जर्मन गटाने त्याच्या मध्यावरच्या न्यूट्रॉन ताऱ्याचे वस्तुमान ०.७७ सूर्य इतके काढले. कोसळणाऱ्या गाभ्यातून सुमारे १.२ सूर्यांपेक्षा हलका न्यूट्रॉन तारा निपजायला नको. तेव्हा एक तर अंतराचा किंवा वातावरणाचा हिशेब चुकला, नाहीतर स्फोटाचा सिद्धांत अपुरा आहे. पहिली शक्यता सध्या जास्त वाटते.

खेकडा, आणि पोथ्यांमधला शोध

वृषभ राशीतली क्रॅब अभ्रिका पुण्याच्या जवळजवळ डोक्यावरून जाते. दिवाळीत पहाटे तीनच्या सुमारास. ४ जुलै १०५४ ला चिनी ज्योतिष्यांनी तिचा तारा नोंदला. तेवीस दिवस तो दिवसाही दिसत होता. मध्यभागी सेकंदाला तीस गिरक्या घेणारा न्यूट्रॉन तारा आहे आणि साऱ्या अभ्रिकेला तोच तेवत ठेवतो. स्फोट मात्र अशक्त होता. मालाची गतिज ऊर्जा नेहमीच्या दहाव्या हिश्श्याइतकीच भरते. आठ-दहा सूर्यांच्या ताऱ्याचा लोहापर्यंत न पोचलेला गाभा, इलेक्ट्रॉन अणुकेंद्रांनी गिळल्यामुळे कोसळला असावा, असे एक स्पष्टीकरण आहे. २०१७ मध्ये भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहाने या न्यूट्रॉन ताऱ्याच्या क्ष-किरणांचे ध्रुवीकरण मोजले. गिरकीबरोबर फिरणारा किरणांचा झोत पृथ्वीकडे नसतानाही ते बदलत असल्याचे दिसले, जे कोणी अपेक्षिले नव्हते. त्या कामात पुण्याच्या आयुका या खगोल संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा मोठा वाटा होता.

१०५४ साली भोज राजा माळव्यात ग्रंथ लिहवत होता, कल्याणीचे चालुक्य दख्खनवर होते. इतका मोठा तारा इथे कोणीच नोंदला नाही? आयुकाचे संस्थापक जयंत नारळीकर आणि संस्कृत विदुषी सरोजा भाटे यांनी जुने ग्रंथ चाळून २००१ मध्ये याचा अहवाल प्रसिद्ध केला. निःसंदिग्ध उल्लेख हाती लागला नाही. जुलै हा पावसाळ्याचा महिना, हे एक समर्थन आहेच. पण तारा रात्री जवळजवळ दोन वर्षे दिसत होता, तेव्हा नुसत्या ढगांवर दोष ढकलता येत नाही. काश्मीरमधल्या बुर्झाहोमच्या एका शिळेवर दोन तेजस्वी चकत्या आणि शिकारी कोरलेले आहेत. मयंक वाहिया, हृषीकेश जोगळेकर, अनिकेत सुळे आदींनी ते सुमारे इ.स.पू. ४६०० मधल्या सुपरनोव्हाचे चित्र असावे असे सुचवले आणि सारथी तारकासमूहातल्या एचबी९ या अवशेषाशी जोडले. कल्पना रम्य आहे. पुरावा म्हणून दुबळी.

बटूचे कोडे आणि दक्षिणेचा अवशेष

‘वन-ए’ कसा पेटतो याचे उत्तरही राखेतच शोधले जात आहे. थ्रीसी ३९७ या अवशेषात मँगेनीज आणि निकेल इतके जास्त आहे, की तो बटू चंद्रशेखर मर्यादेजवळ पोचून फुटला असणार. तितक्या दाट गाभ्याशिवाय ही मूलद्रव्ये त्या प्रमाणात बनत नाहीत. उलट, मोठ्या मॅगेलन मेघातल्या ०५०९–६७.५ या अवशेषात २०२५ मध्ये कॅल्शियमचे दोन वेगळे थर दिसले. ही दुहेरी स्फोटाची खूण: आधी पृष्ठभागावरचे हेलियम पेटले, त्याच्या धक्क्याने मर्यादा गाठण्याआधीच गाभा फुटला. म्हणजे उत्तर एक नाही. एकाच नावाखाली निदान दोन तऱ्हेचे मृत्यू नोंदले जात आहेत.

स्फोट आणि अवशेष दोन्ही आधुनिक दुर्बिणींनी सलग पाहिलेला जवळचा एकच, २३ फेब्रुवारी १९८७ चा एसएन १९८७ए. त्याचे न्यूट्रिनो जपान, अमेरिका आणि रशियात मिळून दोन डझनांच्या आसपास पकडले गेले, आणि गाभा कोसळतो हा सिद्धांत कागदावरून खाली उतरला. २०२४ मध्ये वेब दुर्बिणीला त्याच्या केंद्राशी आयनित अरगॉनचा प्रकाश दिसला. आत दडलेल्या न्यूट्रॉन ताऱ्याशिवाय तो समजावणे कठीण. पुण्याच्या क्षितिजावर मात्र हा अवशेष जेमतेम दोन अंश चढतो आणि खोडदच्या थाळ्या तितक्या खाली झुकत नाहीत. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहत असलेल्या एसकेए या दुर्बिणींना तो निम्म्या आकाशावर मिळेल. भारताने या प्रकल्पासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत, आणि दुर्बीण चालवणाऱ्या नियंत्रण प्रणालीचा आराखडा एनसीआरएच्या नेतृत्वाखाली, पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांना बरोबर घेऊन तयार झाला.